तानपुऱ्यात ‘कट्’ कुठून आले?

संगणकविषयक प्रश्नोत्तरे

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे अनेक घरांतील लॅपटॉप विंडोज ११ वर गेले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आवाजाच्या तक्रारींनी इतर सगळ्या विषयांना मागे सारले आहे. त्यांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण पत्रलेखिकेचे कान तयार आहेत आणि तिने नोंदवलेल्या बारकाव्यांतच निम्मे निदान दडलेले आहे.

प्रश्न : मी गेली पाच वर्षे लॅपटॉपवरून शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. तानपुऱ्याचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच लावते आणि ध्वनिमुद्रणासाठी यूएसबीने जोडायचा एक छोटा ऑडिओ इंटरफेस वापरते. मागच्या महिन्यात विंडोज १० वरून विंडोज ११ करून घेतले. तेव्हापासून तानपुऱ्यात मध्येच ‘कट्’ असा आवाज येतो; कधी पाच मिनिटे काहीच नाही, तर कधी लागोपाठ तीन-चार वेळा. बातम्या किंवा भाषणे ऐकताना मात्र असे जाणवत नाही. शिवाय विद्यार्थिनी म्हणतात की, त्यांना माझा आवाज स्वच्छ येतो, पण तानपुरा ऐकूच येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात ‘साउंडचा भाग गेला, मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे सांगितले. तसे करावे का?
— एक गायनशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : मदरबोर्ड तूर्त बदलू नका. आवाजाचा भाग खराब झाला असता तर तो बातम्यांच्या वेळीही खराबच राहिला असता. आपल्या पत्रात दोन स्वतंत्र तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

आधी ‘कट्’कडे पाहू. संगणक आवाज अखंड धारेसारखा पाठवत नाही, तो लहान लहान पुड्या बांधून पाठवतो. दर सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) या मापाने आवाज वाजत असेल, तर विंडोजची नेहमीची पुडी १० मिलिसेकंदांची, म्हणजे ४८० नमुन्यांची असते. अशा शंभर पुड्या दर सेकंदाला वेळेवर पोहोचाव्या लागतात. पुड्या साठवण्याच्या जागेला बफर म्हणतात. गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ असे हे नाते आहे. टाकीत पाणी पडायला क्षणभर उशीर झाला की नळ फसफसतो आणि मग पुन्हा नीट वाहू लागतो. आपल्याला ऐकू येणारे ‘कट्’ म्हणजे ती फसफस होय. भाषणात शब्दाशब्दांमध्ये मोकळ्या जागा असतात, व्यंजनांचे आघात असतात, त्यामुळे काही मिलिसेकंदांची तूट त्यांत लपून जाते. तानपुऱ्याच्या सलग नादात लपायला जागाच नसते. त्यामुळे संगणकाच्या आवाजाची परीक्षा घ्यायला तानपुऱ्याइतके चांगले साधन मला तरी दुसरे माहीत नाही. इतर वाचकांनीही बिघाड शोधताना गाणे लावण्याऐवजी तानपुराच लावून पाहावा.

पुडीला उशीर का होतो, हा पुढचा प्रश्न. संगणकाचा एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक वेळा दोष आवाजाच्या ड्रायव्हरचा नसून शेजाऱ्याचा असतो. वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी यांपैकी एखाद्याचा ड्रायव्हर प्रोसेसर क्षणभर अडवून धरतो आणि तेवढ्यात आवाजाची पुडी चुकते. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की हे सगळे ड्रायव्हर एकदम बदलतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे काही बदलतात आणि काही जुनेच राहतात. म्हणून ज्या यंत्रात काल काही नव्हते त्यात आज ‘कट्’ सुरू होते, आणि दुकानदाराला ते यंत्राचे दुखणे वाटते.

याचा शोध घरी घेता येतो. तानपुरा सुरू ठेवा आणि दहा मिनिटे वायफाय बंद करा. ‘कट्’ थांबले तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा अचूक क्रमांक पाहून, नव्याने घाला. थांबले नाही तर चार्जर काढून पाहा, मग लावून पाहा. चार्जरसरशी फरक पडत असेल तर वीजबचतीच्या रचनेकडे संशय न्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी पुरेसा वेळ ऐकायचे, हे पथ्य मात्र पाळावे लागते. पाच गोष्टी एकदम बदलून आवाज सुधारला तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तोच त्रास उद्भवला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर लेटन्सीमॉन नावाचे एक साधन आहे, ते घरगुती वापरासाठी मोफत मिळते. ते सुरू करून दहा-पंधरा मिनिटे नेहमीचे काम करत राहिले की कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसर सर्वाधिक काळ अडवला ते नावानिशी दिसते. नावे गूढ असतात. एनडीआयएस दिसले तर जाळ्याशी, म्हणजे वायफाय किंवा लॅनशी संबंध असतो आणि एसीपीआय दिसले तर वीजव्यवस्थापनाशी. तो चुकार कोण हे कळल्यावर त्याचाच ड्रायव्हर बदलायचा. ‘आपले सर्व ड्रायव्हर मोफत अद्ययावत करून देतो’ असे सांगणारी सॉफ्टवेअरे इंटरनेटवर मुबलक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी भलताच ड्रायव्हर बसवून बिघडवलेले लॅपटॉप मी इतके पाहिले आहेत की, अशा पत्रांना उत्तर देताना पहिला प्रश्न मी तोच विचारतो.

आता आपला ऑडिओ इंटरफेस. त्याची वायर यूएसबी हबमध्ये असेल तर ती थेट लॅपटॉपला जोडा. इंटरफेसच्या कंपनीने विंडोज ११ साठी स्वतंत्र ड्रायव्हर दिला आहे का ते पाहा; असल्यास विंडोजने आपोआप बसवलेल्या सामान्य ड्रायव्हरऐवजी तो वापरा. त्या ड्रायव्हरच्या सेटिंगच्या पटलावर बफरचे माप नमुन्यांत दिलेले असते, ६४, १२८, २५६, ५१२ असे. ४८,००० च्या वेगाने ६४ नमुने म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद आणि ५१२ म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. टाकी मोठी केली की ‘कट्’ कमी होते, पण स्वतःचा आवाज हेडफोनमधून परत ऐकू येण्यास तेवढाच विलंब होतो, आणि हेडफोन लावून गाणाऱ्याला तो विलंब खटकतो. आपण २५६ पासून सुरुवात करा. केवळ ऐकायचे असेल तेव्हा ५१२ ठेवायला काहीच हरकत नाही. तानपुऱ्याचे सॉफ्टवेअर ४४,१०० वर आणि इंटरफेस ४८,००० वर असेल तर मधल्या रूपांतराचेही काम वाढते. दोन्हीकडे एकच आकडा ठेवलेला बरा.

जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही संरक्षक व्यवस्था कधी कधी अडवते आणि मग ती व्यवस्थाच बंद करावी असा सल्ला सर्रास दिला जातो. माझे मत विरुद्ध आहे. ज्या लॅपटॉपवर आपण विद्यार्थिनींची फी स्वीकारता त्यावरचे कुलूप एका जुन्या यंत्रासाठी काढणे परवडणारे नाही.

दुसरी तक्रार तानपुरा गायब होण्याची. येथे यंत्र बिघडलेले नसून अतिशहाणे झाले आहे. झूमसारख्या ऑनलाइन बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि अलीकडे लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्येही, गोंगाट काढून टाकण्याची सोय असते. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची रहदारी असा एकसुरी आणि सतत चालणारा आवाज हुडकून काढणे हे तिचे काम. आणि एकसुरी, सतत चालणारा आवाज हेच तर तानपुऱ्याचे वर्णन आहे. त्यात भर म्हणजे प्रतिध्वनी पुसणारी दुसरी सोय. लॅपटॉपच्या स्पीकरमधून जे बाहेर पडते तेच माइकमध्ये परत आले की ती वजा करते. आपला तानपुरा त्याच लॅपटॉपमधून वाजतो, म्हणजे तो दोन्ही गाळण्यांत सापडतो. अपग्रेडनंतर आलेल्या नव्या ड्रायव्हरने या सोयी आपोआप चालू केल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘साउंड’ येथे जाऊन आपल्या माइकच्या नावावर क्लिक करा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. मग बैठकीच्या सॉफ्टवेअरमधील गाळणीही बंद करा. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची वेगळी सोय आहे, ती वर्ग सुरू करताना चालू आहे ना हे पाहायचे. ती चालू असताना हेडफोन लावावेत, नाहीतर प्रतिध्वनीचा त्रास होतो. आणि हेडफोन लावले की लॅपटॉपचा तानपुरा माइकपर्यंत पोहोचणारच नाही, म्हणून एक साधा उपाय सुचवतो : तानपुरा लॅपटॉपवर न लावता फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर लावा आणि तो माइकजवळ ठेवा. त्याने लॅपटॉपवरचा भारही हलका होईल.

प्रश्न : मी घरून काम करतो. विंडोज ११ केल्यापासून ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की सगळे जुन्या ट्रंक कॉलसारखे ऐकू येते. आधी असे होत नव्हते. हेडफोन नवे आहेत.
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हेडफोन निर्दोष आहेत. ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन रीती आहेत. एक रीत केवळ ऐकण्याची. तीत डावा-उजवा असा भरघोस आवाज येतो, पण माइक चालत नाही. दुसरी दुतर्फा बोलण्याची. तीत माइक चालतो, मात्र दोन्ही दिशांना जागा वाटून द्यावी लागत असल्याने आवाज एकेरी होतो आणि त्याचा दर्जा दूरध्वनीच्या पातळीवर येतो. कोणत्याही सॉफ्टवेअरने हेडफोनचा माइक उघडला की संगणक दुसऱ्या रीतीवर जातो.

आधी असे का होत नव्हते, याचे कारण असे की विंडोज १० मध्ये हेच हेडफोन यादीत दोनदा दिसत, एकदा ‘स्टीरिओ’ म्हणून आणि एकदा ‘हँड्स-फ्री’ म्हणून. आपण, किंवा आपले यंत्र लावून देणाऱ्या कोणी, त्यांतील पहिला पर्याय निवडून ठेवला असावा. विंडोज ११ मध्ये दोन्ही नावे एक करण्यात आली. हा बदल सोयीसाठी केला गेला, पण पूर्वी हाताशी असलेली निवड त्यामुळे नजरेआड झाली, हे मान्य करावे लागेल. उपाय सोपा आहे : मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. आवाज तत्काळ सुधारेल. घरात वर्दळ असेल आणि लॅपटॉपचा माइक सगळेच टिपत असेल, तर वायरचा साधा हेडसेट घ्या. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण उरत नाही, परंतु त्यासाठी हेडफोन आणि लॅपटॉप दोघांतही ती सोय असावी लागते.

प्रश्न : विंडोज ११ वर गेल्यावर आवाज पूर्ण बंद. कोपऱ्यातले स्पीकरचे चिन्ह ठीक दिसते. मोठा मॉनिटर जोडलेला आहे.
— निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

उत्तर : आवाज मॉनिटरकडे जात असावा. एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर ध्वनीही जातो आणि नव्याने ड्रायव्हर बसले की संगणक मॉनिटरलाच स्पीकर समजतो, त्याला स्पीकर असोत वा नसोत. स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, आवाजपट्टीच्या शेजारच्या लहान चिन्हावर पुन्हा क्लिक करा आणि यादीतून लॅपटॉपचे स्पीकर निवडा. यादीत तेच दिसत नसतील तर लॅपटॉपच्या कंपनीकडून आवाजाचा ड्रायव्हर घ्यावा लागेल.

प्रश्न : मी मुलाखतींचे शब्दांकन करते. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर आल्यापासून ध्वनिफीत थांबवून पुन्हा सुरू केली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि पहिला अर्धा शब्द खाल्ला जातो. दिवसातून शेकडो वेळा हे होते. इंटरनेटवर सापडलेले पल्सऑडिओचे सगळे उपाय केले, एकाचाही गुण आला नाही.
— एक शब्दांकनकार, नाशिक

उत्तर : गुण येणार नव्हताच, कारण पल्सऑडिओ हे आवाज सांभाळणारे सॉफ्टवेअर आता आपल्या यंत्रात काम करत नाही. २२.०४ मध्ये आवाजाचा कारभार त्याच्याकडे होता, २२.१० पासून उबुंटूने तो पाइपवायर या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे दिला. दोन वर्षांनी एकदा अपग्रेड करणाऱ्यांना हा खांदेपालट २४.०४ वर आल्यावर एकदम भेटतो. जुन्या सॉफ्टवेअरना फरक कळू नये म्हणून पाइपवायर पल्सऑडिओचे सोंग घेते, परंतु आपल्या ‘होम’ फोल्डरमधील पल्सऑडिओच्या मांडणीची जुनी डीमन फाइल ते वाचत नाही. आपण त्या फाइलमध्ये आकडे बदलत राहिलात आणि ती कोणी उघडूनही पाहिली नाही.

आपल्या वर्णनावरून कारण बहुधा वीजबचत आहे. पाइपवायरच्या जोडीला असलेला वायरप्लंबर हा व्यवस्थापक पाच सेकंद शांतता राहिली की ध्वनियंत्रणा झोपवतो. पुन्हा आवाज आला की ती जागी होते. ते जागे होणे म्हणजे ‘टक्’, आणि तेवढ्या वेळात निघून गेलेला आवाज म्हणजे आपला अर्धा शब्द. खात्री करून घ्यायची असेल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप ही आज्ञा चालवून ठेवा. तिच्यातील ‘ईआरआर’ या स्तंभातील आकडा प्रत्येक ‘टक्’बरोबर वाढत असेल तर पुड्या चुकत आहेत आणि बफर वाढवावा लागेल, आकडा स्थिर राहून ‘टक्’ येत असेल तर झोपेचेच कारण. दुसऱ्या स्थितीत वायरप्लंबरमधील झोपेची मुदत शून्य करावी, म्हणजे तो यंत्रणा झोपवणारच नाही. त्याने भागले नाही तर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, एचडीए इंटेल या ध्वनिविभागातील वीजबचतीचे मूल्यही शून्य करावे. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल. शब्दांकन करणाऱ्याला तो सौदा स्वस्त आहे.

एक सावधगिरी. उबुंटू २४.०४ मध्ये वायरप्लंबरची ०.४ ही मालिका आहे आणि तिच्या मांडणीच्या फाइली लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत असतात. ०.५ पासून ती रीत बदलली. त्यामुळे इंटरनेटवरचा उपाय उतरवून घेण्यापूर्वी तो कोणत्या मालिकेसाठी लिहिला आहे ते पाहा, नाहीतर पल्सऑडिओसारखीच गत होईल.

प्रश्न : आवाजाच्या कटकटीला कंटाळून विंडोज १० वर परत जावेसे वाटते. जाता येईल का? आणि अपडेटमुळे आवाज बिघडतो हे कंपनी कधी मान्य करते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मान्य करते, आणि तिच्या जाहीर नोंदींत ते पाहता येते. डिसेंबर २०२४ मध्ये डिराक कंपनीचे ध्वनिसुधारक सॉफ्टवेअर असलेल्या काही लॅपटॉपांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती घातल्यावर स्पीकर आणि ब्लूटूथ हेडफोन दिसेनासे होत होते. मायक्रोसॉफ्टने तशा यंत्रांना ती आवृत्ती देणे थांबवले आणि नवे ड्रायव्हर उपलब्ध झाल्यावर २०२५ मध्ये ती बंदी उठवली. जानेवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी १.० च्या ध्वनिड्रायव्हरवर चालणारी काही बाह्य ध्वनियंत्रे बंद पडली होती. त्यावरची दुरुस्ती त्याच महिन्याच्या अखेरीस येऊ लागली. म्हणून आपला लॅपटॉप ‘हे अपडेट तुमच्यासाठी अद्याप तयार नाही’ असे म्हणत असेल तर बाहेरून फाइल आणून ते बळेच बसवू नका. बरेचदा ती अडवणूक आपल्या भल्याची असते.

आता परतीबद्दल. अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ हा पर्याय असतो आणि आपल्या फाइली जागेवर राहतात, तरीही त्यांची प्रत आधी काढून ठेवावी. अपग्रेडनंतर डिस्क साफ करताना विंडोजची जुनी प्रत पुसली असेल तर हा पर्याय मिळत नाही. दहा दिवस उलटले असतील तर विंडोज १० कोऱ्या पाटीवर नव्याने घालावे लागेल, आणि सॉफ्टवेअरही एकेक करून. तेवढे कष्ट घेण्याआधी केवळ आवाजाचा ड्रायव्हर मागे नेऊन पाहा : ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ध्वनिविभागातील आपल्या यंत्राच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही असे समजावे.

परत गेलातच, तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायला विसरू नका. घरगुती ग्राहकांसाठी त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत असून नोंदणीसाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते.